बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे



या व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने ख्रिस्ती भक्तीच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. वेतन, बोनस, पाळ्या आणि करार यांत ज्याचा दिवस जातो त्याचा या विषयाशी काय संबंध, असे एका स्नेह्याने आम्हांला विचारलेही. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभासद घरी गेल्यावर रात्री झाले. त्या वाचनात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले आणि त्यातल्या एका गोष्टीने आम्हांला धरून ठेवले. रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु देवाचे आपल्यावर प्रेम आहे याची खात्री आपल्याला त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी पटली, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त अद्याप सापडला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ही मधली आठ वर्षे कशी गेली, त्यांचा शेवट कसा झाला आणि त्यानंतरची तीस वर्षे ती खात्री कशी वागवली गेली, एवढाच आजचा विषय. आम्ही येथे प्रवचन करणार नाही. आम्ही त्या धर्माचे नाही आणि कोणी त्यात जावे वा जाऊ नये हेही सांगणार नाही. घडले ते सांगायचे आहे.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली आणि तिच्यावरून गावोगावच्या व्याख्यानमाला निघाल्या. तेच रानडे पुढे रमाबाईंच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात होते आणि त्यांनीच नंतर त्या मंडळाचा राजीनामा दिला. तेव्हा या व्यासपीठाला हा विषय परका नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानात, गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचे, एवढ्या हट्टापायी त्यांनी समाजाचा रोष पत्करला. आईने पुढे रमाबाईंना शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरत असे. देवळांत पुराण सांगायचे, श्रोते जे देतील त्यावर राहायचे, उरलेले दानधर्मात घालायचे, हा क्रम. मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. होते ते संपले. शास्त्रात सांगितलेली व्रते, उपास, अनुष्ठाने सर्व झाली. अंगावरचे सोनेनाणे देवाला वाहून झाले. उत्तर आले नाही. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास असे दोघे उरले आणि हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचले.

या हकिगतीतला मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे. त्या कुटुंबाने कसूर अशी काहीच केली नव्हती. सांगितलेले सर्व केले, मागितलेले सर्व दिले. ज्याने पुरते मोल मोजले आणि तरी माल मिळाला नाही, त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. एक तर देणे कमी पडले म्हणून स्वतःला दोष द्यायचा, किंवा हा व्यवहारच खोटा म्हणून उठून जायचे. रमाबाईंच्या मनाला फार लहान वयात हा प्रश्न चिकटला. तो असा, की देवाची कृपा ही मोल देऊन मिळण्याची वस्तू आहे की काय?

कलकत्त्यात पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण प्रश्न सुटला नाही. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद दिला. वेद आणि धर्मशास्त्रे वाचताना त्यांना दिसले ते असे, की ग्रंथांची आपसांत कितीही भांडणे असोत, एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. स्त्री आणि शूद्र यांना, ते जसे आहेत तसे, मोक्षाचा अधिकार नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा गमावून ही बाई कडेवर मूल घेऊन पुण्यास आली.

पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत पूर्वीच सापडली होती. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथल्या सेंट मेरी मठातील भगिनींकडे त्या राहिल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनींचे एक घर होते. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गास लागलेल्या बायकांना तेथे आश्रय मिळे. आपल्याकडे अशा स्त्रीला काय भोगावे लागते ते रमाबाईंनी पाहिले होते. येथे तिला कोणी शिक्षा करीत नव्हते, उलट तिची सेवा होत होती. हे असे का, असे त्यांनी विचारले, तेव्हा ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब झाला. रमाबाई विकल्या गेल्या, फितल्या, असे बोलले गेले. त्यांची बाजू उघडपणे घेणारा मोठा माणूस म्हणजे जोतिराव फुले. १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’च्या अंकांत त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. ज्या कामगार चळवळीत आम्ही आयुष्य घालविले तिचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे जोतिरावांचेच सहकारी होते. तेव्हा हा धागा आमच्या घरापर्यंत येतो.

आता त्या आठ वर्षांकडे येऊ. नवा धर्म घेतलेला माणूस गुरूची मान डोलवणारा होतो, असा आपला समज असतो. रमाबाईंच्या बाबतीत नेमके उलट घडले. त्यांचा आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. तो वाचताना एखाद्या कडव्या वाटाघाटीचे टिपण वाचल्यासारखे वाटते. त्रैक्याचा सिद्धान्त आम्हांला पटत नाही, तो पवित्र शास्त्रात दाखवा, असे रमाबाईंचे म्हणणे. चर्च सांगते म्हणून मान, असे मठाचे म्हणणे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको म्हणून कळविले. आपल्या मायदेशात आपण पुरुषांच्या सभांत बोललो, आता आम्हांला हे कोण सांगणार, असा रमाबाईंचा संताप. मठातून क्रूस आला. त्यावरची अक्षरे लॅटिन होती. लॅटिन आपल्याला येत नाही, आपल्या देशबांधवांनाही येत नाही, मग संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले.

बारीक बाब म्हणून कोणी ही हसण्यावारी नेईल. आम्हांला मात्र तीत फार मोठी गोष्ट दिसते. ज्यांच्या अन्नावर आपण राहतो त्यांना नाही म्हणणे सोपे नसते. परक्या देशात, मुलीसह, दुसऱ्याच्या आश्रयावर राहणारी विधवा बाई सांगते, की आम्ही एक जोखड टाकून आलो ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे. अशी बाई विकली गेली होती हे कसे खरे मानावे? विकत घेतलेला माणूस भांडत नाही.

तथापि या भांडणाला दुसरी बाजू होती. बुद्धी जागी होती, सद्सद्विवेक जागा होता, पण मनाला स्वस्थता नव्हती. आपण योग्य धर्मात आलो एवढे कळले होते. देवाने आपल्याला आपले म्हटले आहे, हे कळले नव्हते. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशांचा पदवीदान समारंभ त्यांनी पाहिला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बोस्टनला त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले. पहिल्या विद्यार्थिनींत विधवा गोदूबाई होत्या. त्याच पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पुढल्याच वर्षी सदन पुण्यास हलले. तेव्हा मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी आजच्याप्रमाणेच आपल्या कर्जतेवरून बोरघाट चढून जाई. रमाबाईंच्या आयुष्यातल्या पुढच्या अनेक फेऱ्या या घाटातून झाल्या.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त पडले. या हॅस्लमची हकिगत मोठी विलक्षण आहे. अनेक वर्षे पाद्रीपण केलेला हा गृहस्थ १८५१ साली एका रविवारी कॉर्नवॉल परगण्यातल्या आपल्याच देवळात, आपल्याच व्यासपीठावर उपदेश करीत असता, आपण लोकांना जे सांगतो ते आपल्यालाच लाभलेले नाही हे उमगून पालटला. रमाबाईंनी ते वाचले आणि त्यांना आपली स्थिती ओळखू आली. आपण पुराण सोडून दुसऱ्या पोथीला लागलो, पण मनातली सवय जुनीच राहिली. ती सवय म्हणजे मिळवण्याची. अमुक समजले म्हणजे, अमुक पाळले म्हणजे, अमुक काम उभे केले म्हणजे देव आपला होईल. त्यांना नव्याने दिसले ते हे, की देवाचे प्रेम अगोदरच दिलेले आहे आणि ते जन्म, जात, स्त्रीपुरुष, विद्या वा तपश्चर्या पाहून दिलेले नाही. दुष्काळात बापाने सोने वाहिले तेव्हापासून मनात रुतलेला प्रश्न येथे सुटला.

आम्ही आमच्या धंद्यातला दाखला देतो, म्हणजे फरक कळेल. कारखान्यात नवीन लागलेला माणूस वर्गणी भरतो, पावती घेतो, सभासद होतो. हजेरीपटाप्रमाणे तो युनियनमध्ये आला. परंतु पहिली टाळेबंदी होते, घरातले धान्य संपते, आणि शेजारचा कामगार आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवतो, त्या दिवशी युनियन म्हणजे काय ते त्याला कळते. पावती खोटी नव्हती. तिच्यावाचून तो येथवर आलाच नसता. पण पावती ही भरवसा नव्हे. रमाबाईंचा १८८३ चा बाप्तिस्मा आणि १८९१ ची खात्री यांत असाच फरक आहे, असे आम्हांला वाटते. आपल्या शिळफाट्यावर उभे राहून कोणता रस्ता धरायचा हे ठरविले म्हणजे गाव आले असे होत नाही. चालावे लागते.

खात्री झाली, आणि संकटे ओढवली. येथे इतिहासाने दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे वचन होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. मुलींना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक आहे, तशीच मलाही आहे, आणि आलेल्या मुलीला मी घालवून देणार नाही, ही त्यांची भूमिका. ‘केसरी’ने त्यावर कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या स्नेह्यांनीही १८९३ साली सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा आक्षेप निव्वळ द्वेषाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तटस्थतेच्या वचनावर पाठविलेल्या कोवळ्या मुलींवर, ज्या बाईने त्यांना आसरा दिला तिच्या श्रद्धेचा ओढा पडणारच. पालकांना धास्ती वाटावी हे स्वाभाविक होते. पण दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. ज्या विधवांचे केशवपन करून त्यांना घराच्या कोपऱ्यात बसविले होते, त्यांच्यासाठी तोपर्यंत किती जणांनी दार उघडले होते?

पुढचा प्रसंग आपल्या अगदी उशाशी घडला. १८९६ च्या सुमारास लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरला होता. रमाबाई पहाटे रानात जाऊन प्रार्थना करीत. त्या वेळी त्यांच्या मुलींपैकी पंधरा जणींनी श्रद्धा स्वीकारली होती. या पंधरांचा वर्ग कर, दोनशे पंचवीस दे, असे मागणे त्यांनी मागितले. हिशेबी बाई! मागणे मागितले तेही गणितात. त्याच वर्षी मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बावीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला होता त्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, रस्त्यावर पडलेल्या, दलालांच्या हाती लागण्याच्या बेतात असलेल्या मुली गोळा करून आणू लागल्या. अशा शेकडो मुली आल्या. त्यांना ठेवायचे कोठे? तेवढ्यात पुण्यास प्लेग आला. रेल्वेलगत केडगाव येथे त्यांनी आधी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या. या वसाहतीचे नाव पडले ‘मुक्ती’.

१८९७ सालचीच एक गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची विटंबना होत होती. रमाबाईंच्या आश्रमातली एक मुलगी सरकारी प्लेग व्यवस्थेत गेली आणि हाती लागली नाही. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहून सरकारवर ठपका ठेवला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते नाकारले. ज्या ‘केसरी’ने चार वर्षांपूर्वी त्यांच्यावर झोड उठविली होती, तोही त्या वेळी प्लेग अधिकाऱ्यांच्या जुलमावर लिहीत होता. ख्रिस्ती झालेली बाई ख्रिस्ती सरकारला जाब विचारते, यातून एक गोष्ट स्वच्छ होते. देवावर भिस्त ठेवणे म्हणजे सत्तेपुढे मान तुकविणे, असा अर्थ रमाबाईंनी कधी केला नाही. ज्याला आपली जागा पक्की आहे हे माहीत असते तो साहेबाला भीत नाही.

१८९८ साली बोस्टनच्या मंडळींची दहा वर्षांची हमी संपली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. रोज दोन हजार माणसांना दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे काय, हे ज्याने संपात चार दिवस अन्नछत्र चालविले असेल त्याला विचारा. रमाबाई प्रार्थना करीत, हे खरे. पण प्रार्थना करून हात जोडून बसल्या नाहीत. शेती, गोठा, तेलघाणी, विणकाम, शिवणकाम आणि छापखाना, सगळे बायकांनी चालवायचे. मनोरमा आंधळ्यांची लिपी शिकून आली आणि आंधळ्या मुलींना वाचायला शिकविले. ज्या मुलीला जगाने ओझे म्हणून टाकले तिच्या हाती हत्यार आणि हुन्नर देणे, हाच ‘तुझ्यावर देवाचे प्रेम आहे’ या वाक्याचा तेथला अर्थ होता. नुसते वाक्य उपाशी माणसाला ऐकू जात नाही.

तिसरे काम शब्दांचे. उपलब्ध मराठी बायबल पंडिती वळणाचे आहे, खेड्यातल्या बाईला ते समजत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर एकट्याने केले. छपाई मुक्तीतल्या मुलींनी केली. कान अधू झाले होते. १९२१ साली, जिच्यावर पुढचा सगळा भार टाकायचा ती मनोरमा चाळीस वर्षांची होऊन वारली. १८७४ सालच्या त्या मुलीवर पुन्हा तोच घाव पडला, आणि या वेळी वय त्रेसष्ट. त्यांनी काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ साली ते ग्रंथरूपाने निघाले. खात्रीची कसोटी अशा वेळी लागते. पहिल्या दुष्काळात, एवढे सगळे वाहिले तरी देव का ऐकत नाही, असा प्रश्न होता. शेवटच्या वर्षी मुलगी गेली तरी देवाने टाकले असे त्यांना वाटले नाही. मधल्या काळात सुख वाढले नव्हते, भरवसा वाढला होता.

हा रस्ता एकट्या रमाबाईंचा नव्हे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागून लगेच गेल्या नाहीत. सोवळे, माहेर, जातीचा अभिमान यांच्याशी झगडत, नवऱ्याशी वाद घालीत, पाच वर्षांनी त्या स्वतःच्या पायांनी आल्या. ती हकिगत ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, तोही याच भरवशावर. मराठी ख्रिस्ती माणसांत मोठी झाली ती अशी, सावकाश, भांडत आणि आपल्या मातीचा हात न सोडता.

आमचे काही सहकारी म्हणतील, धर्म ही अफू आहे. अफूचा गुण काय? माणूस पडून राहतो. या बाईच्या आयुष्यात पडून राहण्याचा एक दिवस आम्हांला शोधून सापडला नाही. दुसरे म्हणतील, दुष्काळात सापडलेल्या मुलींना ख्रिस्ती केले, हा काय न्याय? हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाही. भुकेल्याची निवड पुरती मोकळी नसते हे युनियनवाल्याइतके कोणाला ठाऊक? परंतु त्या मुलींपुढे त्या क्षणी दुसरा कोणता हात पुढे आला होता, याचेही उत्तर आक्षेप घेणाऱ्याने द्यावे. ते उत्तर आपल्या समाजाला त्या वेळी देता आले नाही, आणि कर्व्यांसारख्यांनी ते द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या घरात शारदा सदनातलीच मुलगी होती.

केडगावची मुक्ती आजही चालू आहे. कर्जतहून पुण्यास जावे, दौंडच्या गाडीत बसावे, की वाटेत ते स्टेशन लागते. ज्यांना शक्य असेल त्यांनी एकदा तेथे जाऊन यावे. धर्म कोणताही असो, आपण कोणाचे तरी आहोत हे पक्के ठाऊक असलेल्या एका बाईने किती काम उरकले, ते तेथे डोळ्यांनी दिसते.